तबकडी की मैफलीची टेप?

बेळगाव-खानापूरकडच्या चार रसिकांनी मिळून जुनं शास्त्रीय गाणं ऐकायचं, तर ७८ आरपीएमची (मिनिटाला ७८ फेरे घेणारी) तबकडी सोयीची. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं: बंदिश, चार ताना, संपलं. तीच जागा पुन्हा लावून बोलता येतं.

पण गायक मल्लिकार्जुन मन्सूरांचा राग कसा उलगडत जातो, ते मैफलीच्या टेपवरच कळतं. आमचा कौल तिलाच. धोका वेगाचा. प्लेअर ६ टक्के जलद फिरला, की पट्टी जवळजवळ अर्ध्या स्वराने चढते, लय पळते, गळा पातळ वाटतो. म्हणून तानपुऱ्याचा षड्ज ट्यूनरवर तपासा, गायकाच्या नेहमीच्या पट्टीशी ताडून मगच वेग दुरुस्त करा. नॉइज रिडक्शन, म्हणजे खरखर कमी करणं, हलकंच ठेवा. जास्त झालं तर तानपुऱ्याची जवारीच, म्हणजे तारांची गुंजणारी झंकार, पुसली जाते. पुढे देताना फ्लॅक (आवाजातलं काहीही न गाळणारी डिजिटल फाइल) प्रतच द्या.