घरात पिस्तूल की शहरात कमी पिस्तुलं?

कोयता गँगच्या बातम्या वाचून पुण्यात बरेच जण म्हणतात, "परवाना काढून ठेवावा." भीती खरी आहे, उपाय मात्र मला पटत नाही.

परवान्यासाठी वय २१ पूर्ण हवं, जिवाला धोका असल्याचं पोलिसांना पटवून द्यावं लागतं, मग चौकशी. शस्त्र कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीपासून एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात. एवढं करून पिस्तूल राहणार कुलूपबंद कपाटात. चोर शिरला तर आधी किल्ली शोधायची! आणि ते मुलांच्या हाती लागण्याची, घरातल्या भांडणात बाहेर निघण्याची धास्ती कायमची.

२० ऑगस्ट २०१३ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांवर ओंकारेश्वर पुलावर गोळ्या झाडल्या गेल्या, सकाळी फिरायला निघालेले असताना. अशा हल्ल्यात खिशातलं पिस्तूल काय कामाचं?

दुसरा मार्ग म्हणजे बंदुकाच कमी करणं. ऑस्ट्रेलियात १९९६ साली पोर्ट आर्थरला ३५ माणसं मारली गेली. बाराच दिवसांत केंद्र आणि राज्यांचं कडक नियमांवर एकमत झालं, सरकारने साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका पैसे देऊन परत घेतल्या. विरोध तिथेही जोरात होता.

आपल्याकडे कायदा १९५९पासून कडकच आहे. खरी डोकेदुखी मध्य प्रदेशातल्या उमर्टीसारख्या ठिकाणांहून येणाऱ्या गावठी कट्ट्यांची. पकडलेल्या पोरासोबत विकणाऱ्यापर्यंत आणि बनवणाऱ्यापर्यंत तपास गेला पाहिजे. वेळ लागेल, पण पुण्याबद्दलची माझी आशा याच कामावर आहे.