फुंकण्याची तपासणी: लातूरमधील एका छातीविकार दवाखान्याचा अनुभव

आमच्या आबांचे वय ६४ आहे आणि त्यांनी ३० वर्षे दिवसाला साधारण १० सिगारेटी ओढल्या. सकाळचा खोकला, बेडके आणि शेतातल्या विहिरीपर्यंत जाताना लागणारी धाप या गोष्टी वयोमानाने होतात, असे समजून आम्ही घरच्यांनी दोन वर्षे वाया घालवली. अखेर श्रावणात त्यांना औसा तालुक्यातील गावाहून लातूरमधील एका खासगी छातीविकार दवाखान्यात नेले. तिथल्या स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून फुफ्फुसाची क्षमता मोजण्याच्या तपासणीविषयी आणि त्यानंतरच्या समुपदेशनाविषयी हे लिहीत आहे.

तपासणी अतिशय काळजीपूर्वक केली गेली. नाकाला चिमटा लावून, छाती भरून श्वास घेऊन नळीत जोराने आणि किमान ६ सेकंद फुंकायचे असते. आबांना पहिल्या दोन वेळा खोकल्याची उबळ आली, तरी तंत्रज्ञ ताई चिडल्या नाहीत. तीन फुंकी एकसारख्या मिळेपर्यंत त्यांनी धीराने करवून घेतले. त्यानंतर श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या साल्ब्युटामॉल या औषधाचा पंप देऊन २० मिनिटे बसवले आणि पुन्हा फुंकायला लावले. पंपानंतरची ही दुसरी फेरी टाळता येत नाही, कारण पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा आणि एकूण हवा यांचे गुणोत्तर औषधानंतरही ०.७० पेक्षा कमी राहिले, तरच सीओपीडीचे, म्हणजे हवेची वाट कायमची अरुंद करणाऱ्या फुफ्फुसाच्या जुनाट आजाराचे निदान पक्के होते. आबांचे गुणोत्तर ०.५८ आले.

मात्र या दवाखान्याची खरी किंमत मला डॉक्टरांच्या खोलीत कळली. त्यांनी कागदावर श्वासनलिकेचे आतले अस्तर काढून दाखवले. अस्तरातील पेशींवर बारीक केसांसारखी लव असते, ती सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलते आणि धूळ-जंतूंसह कफ घशाकडे ढकलते. सिगारेटच्या धुरात ७,००० हून अधिक रसायने असतात; त्यांच्या माऱ्याने ही लव आखूड होते, तिची हालचाल मंदावते, आणि त्याच वेळी कफ तयार करणाऱ्या पेशींची संख्या वाढते. पेशींमधून क्षार आणि पाणी बाहेर सोडणारी वाटही धुरामुळे नीट काम करेनाशी होते, त्यामुळे कफ सुकून चिकट बनतो. “आबा, तुमचा सकाळचा खोकला म्हणजे झाडणाऱ्यांनी काम सोडल्यावर घरधन्याने स्वतः केर काढण्यासारखं आहे,” हे त्यांचे वाक्य आबांना लगेच पटले.

पुढचा भाग त्यांनी अधिक सावकाश सांगितला. दुखावलेल्या पेशी संकेत पाठवून पांढऱ्या पेशींना बोलावतात. त्या पेशींतून सुटणारे इलॅस्टेज हे विकर (एन्झाइम) फुफ्फुसातील लवचिक धागे खाऊन टाकते, वायुकोशांच्या भिंती तुटतात, आणि आधार गेलेल्या बारीक नलिका श्वास सोडताना मिटतात, म्हणून हवा आत अडकून पडते. तुटलेल्या भिंती पुन्हा उभ्या राहत नाहीत आणि सिगारेट सोडल्यावरही नलिकांतील सूज बरीच वर्षे टिकू शकते, हे त्यांनी लपवले नाही. तरीही व्यसन सुटल्यावर फुफ्फुसाची घसरण मंदावते, असे सांगताना त्यांनी लंडनमधील पुरुषांच्या पाहणीवर आधारलेला १९७७ सालचा आलेख समोर ठेवला. खोटा धीर न देता आशा दाखवण्याची ही पद्धत मला फार मोलाची वाटली. आबांनी त्या दिवसापासून सिगारेटला हात लावलेला नाही.

उणिवा आहेत आणि त्या गंभीर आहेत. छापील अहवाल केवळ इंग्रजीत मिळाला. गावाकडच्या रुग्णाला त्यातले एक अक्षरही उपयोगाचे नाही. पंप कसा ओढायचा, हे औषधाच्या दुकानदाराकडून शिकून घ्या, असे सांगितले गेले, वास्तविक ते शिकवण्याची जागा हीच दवाखान्याची खोली आहे. सर्वांत खटकलेली गोष्ट म्हणजे व्यसन सोडण्यासाठीचा पाठपुरावा. पहिले दोन-तीन आठवडे तलफ अनावर होते; त्या काळात एकही दूरध्वनी आला नाही, निकोटिनच्या गोळीचा किंवा पट्टीचा विषयही निघाला नाही. १८००-११-२३५६ हा तंबाखूमुक्तीचा निःशुल्क राष्ट्रीय क्रमांक सिगारेटच्या पाकिटावर छापलेला असतो, परंतु आबा आयुष्यभर टपरीवरून सुट्या सिगारेटी घेत आले, त्यामुळे त्यांनी तो कधी पाहिलाच नव्हता. तो मला नंतर स्वतः शोधावा लागला.

तपासणीचे ७०० रुपये मला जास्त वाटले नाहीत. रुग्णाला नेताना भरपेट जेवू घालू नये, तपासणीआधी तासभर तरी धूम्रपान टाळावे, आणि पंप चालू असल्यास तो कधी थांबवायचा हे आधी विचारून घ्यावे. निघताना डॉक्टरांनी आईला चुलीपुढे किती वर्षे स्वयंपाक केला, असे विचारले. तिने “लग्न झाल्यापासून” म्हटल्यावर तिच्याही तपासणीचा दिवस ठरला, कारण सरपणाचा धूर श्वासनलिकांवर असेच घाव घालतो. पुढच्या गुरुवारी आम्ही तिला घेऊन जाणार आहोत.