जावा की डॉट नेट? दोन्हीकडचं मीठ खाल्लेल्याचा रिव्ह्यू

अधूनमधून कोणीतरी ज्युनिअर ग्रुपवर विचारतोच, दादा जावा धरू की डॉट नेट, म्हणजे कंपन्यांचं सॉफ्टवेअर ज्यांवर बांधतात त्या दोन मोठ्या प्लॅटफॉर्मपैकी कुठला, आणि मग जी धुळवड सुरू होते ती बघण्यासारखी असते. जावावाले म्हणणार मायक्रोसॉफ्टच्या दावणीला बांधून घेऊ नकोस, डॉट नेटवाले म्हणणार एवढं एक्सएमएल, म्हणजे सेटिंगच्या फाइली, लिहायला आयुष्य पुरणार नाही. दोन्ही डायलॉग वीस वर्षं जुने आहेत हो! मी पुण्यात सर्व्हिस कंपनीत आहे, क्लायंट बदलला की प्लॅटफॉर्म बदलतो, त्यामुळे झेंडा कुणाचाच खांद्यावर नाही. म्हणून हा रिव्ह्यू. लांबलाय, चहा घेऊन बसा.

आधी भांडण कुठून सुरू झालं ते बघू, कारण आजच्या निम्म्या खोडी तिकडूनच आल्यात. १९९५ ला सन मायक्रोसिस्टिम्सने जावा आणलं, एकदा लिहा कुठेही चालवा म्हणून. मायक्रोसॉफ्टने लायसन्स घेऊन स्वतःचं ‘जे प्लस प्लस’ नावाचं जावा काढलं आणि त्यात फक्त विंडोजवर चालणाऱ्या गोष्टी घुसवल्या, झालं, सनने १९९७ ला कोर्टात खेचलं आणि २००१ ला २ कोटी डॉलरवर मिटलं. तोवर मायक्रोसॉफ्टने ठरवलंच होतं की दुसऱ्याच्या वाड्यात भाड्याने राहण्यात अर्थ नाही. बोरलंड कंपनीतून आणलेला अँडर्स हेल्सबर्ग, टर्बो पास्कल आणि डेल्फी ही प्रोग्रामिंगची टूल्स बनवणारा तोच, त्याच्या टीमने सी शार्प ही भाषा बनवली आणि २००२ च्या फेब्रुवारीत डॉट नेट फ्रेमवर्क बाजारात आलं.

आणि मग ते पेट स्टोअर प्रकरण. आत्ताच्या पोरांना माहीतच नसतं. जे टू ई ई मध्ये, म्हणजे मोठ्या कंपन्यांसाठीच्या जावामध्ये (पुढे यालाच जावा ई ई म्हणायला लागले), ॲप्लिकेशन कसं बांधायचं हे शिकवायला सनने पाळीव प्राण्यांच्या ऑनलाइन दुकानाचं सॅम्पल ठेवलं होतं, पेट स्टोअर नावाचं. ते शिकवण्यासाठी होतं, स्पीडच्या शर्यतीत पळवण्यासाठी नव्हतं. मायक्रोसॉफ्टने तेच दुकान डॉट नेटमध्ये बांधलं, नाव ठेवलं पेट शॉप, आणि दवंडी पिटली की आमचा कोड पाव हिश्श्याहून कमी आणि स्पीड २८ पटींपर्यंत जास्त. जावावाल्यांचं म्हणणं, सॅम्पलशी शर्यत लावणं म्हणजे चीटिंग, आणि त्यात तथ्य होतं. मग २००२ मध्ये द मिडलवेअर कंपनीने, जी जावावाल्यांच्याच गोटातली समजली जायची, नव्याने टेस्ट केली तर त्यातही डॉट नेट पुढे, आणि मग चर्चा अशी पेटली की टेस्टच्या खर्चात मायक्रोसॉफ्टचा हात होता. म्हणजे निकालापेक्षा पंचावरच जास्त भांडण, आपल्या गल्ली क्रिकेटसारखं.

पण खरं सांगायचं तर २८ पटीचा आकडा सोडा, कोडच्या ओळींचा टोमणा वर्मी लागला होता. तेव्हाचं ईजेबी २, म्हणजे जे टू ई ई मधली बिझनेस लॉजिक लिहायची पद्धत, ज्याने बघितलंय त्याला विचारा. एक साधा कस्टमर डेटाबेसमधून आणायचा तर एक होम इंटरफेस, एक रिमोट इंटरफेस, एक बीनचा क्लास आणि वर डिप्लॉयमेंट डिस्क्रिप्टरचं एक्सएमएल, आणि त्या एक्सएमएलमध्ये एक नाव चुकलं की सर्व्हर चालू होताना पानभर शिव्या. तिकडे व्हिज्युअल स्टुडिओमध्ये, मायक्रोसॉफ्टच्या कोड लिहायच्या टूलमध्ये, बटण ओढायचं, डबल क्लिक करायचं, कोड लिहायचा, चाललं. याला उत्तर सनकडून आलंच नाही बघा, ते आलं बाहेरून, रॉड जॉन्सनच्या स्प्रिंग या फ्रेमवर्कमधून, ज्याचं १.० व्हर्जन २००४ ला निघालं, आणि डेटाबेसमधल्या ओळी ऑब्जेक्ट म्हणून हाताळू देणाऱ्या, गॅविन किंगच्या हायबरनेटमधून. २००६ ला ईजेबी ३ आलं ते जवळपास या दोघांचीच वाट धरून. डॉट नेटवालेही काही कमी नाहीत, जावातलं चांगलं दिसलं की पुढे एन लावायचा आणि आपलं म्हणायचं, एनहायबरनेट, एनयुनिट, एनअँट. उलट सी शार्पमध्ये लिंक (LINQ) ही कोडमध्येच क्वेरी लिहायची सोय २००७ ला आली आणि जावाला तिच्या जवळपास जाणारे स्ट्रीम्स मिळायला २०१४ उजाडलं.

आता आजचा माल. नवीन प्रोजेक्ट सुरू करायचा असेल तर डॉट नेटचा अनुभव एक नंबर आहे, यात वादच नाही. कमांड लाइनवर दोन कमांड आणि वेब एपीआय, म्हणजे बाकीची ॲप्स ज्याच्याशी बोलतात तो सर्व्हर, चालू. राउटिंग, डिपेंडन्सी इंजेक्शन, कॉन्फिगरेशन, लॉगिंग, डेटाबेससाठी एंटिटी फ्रेमवर्क कोअर, सगळं एकाच घरचं, एकाच पद्धतीचं आणि डॉक्युमेंटेशनही एकाच ठिकाणी. लिनक्सवर चालतं, डॉकरमध्ये चालतं, पोस्टग्रेस डेटाबेसशी बोलतं. डॉट नेट म्हणजे विंडोज सर्व्हर असं अजूनही म्हणणारे भेटतात, त्यांना सांगा की २०१६ ला विंडोजबाहेरही चालणारं डॉट नेट कोअर, म्हणजे आजच्या नवीन डॉट नेटची सुरुवात, आलं त्यालाही जमाना झाला.

जावाकडे सुरुवातच प्रश्नांनी होते. बिल्ड करायला मेव्हन की ग्रेडल? जेडीके, म्हणजे जावाचा मूळ संच, कुणाचा, ओरॅकलचा, टेमुरिन, ॲमेझॉनचा कोरेट्टो की अजून कुणाचा? गंमत म्हणजे यात मायक्रोसॉफ्टचाही ओपनजेडीके (ओपन सोर्स जेडीके) बिल्ड आहे २०२१ पासून, एकेकाळी ज्यांच्यावर सनने केस टाकली तेच आता फुकट जावा वाटतायत, काळाचा महिमा दुसरं काय. स्प्रिंगचीच तयार मांडणी असलेल्या स्प्रिंग बूटने २०१४ पासून बरंच सोपं केलंय, पण स्प्रिंग बूटची जादू जोवर चालते तोवर जादू, आणि फसली की स्टॅक ट्रेस, म्हणजे एररची लांबलचक यादी, स्क्रोल करता करता बोट दुखतं आणि त्यात आपला कोड शोधावा लागतो.

एक नमुना सांगतो म्हणजे कळेल. ऑर्डरचा सर्व्हिस क्लास आहे, त्यात एक मेथड ऑर्डर सेव्ह करते आणि स्टॉक कमी करते, वर ट्रान्झॅक्शनलचं ॲनोटेशन, म्हणजे सगळं झालं तर ठेव नाहीतर सगळं मागे घे (रोलबॅक) अशी खूण, लावलंय. त्याच क्लासमधली दुसरी मेथड, जिला ॲनोटेशन नाही, ती फाइलमधून शंभर ऑर्डर वाचते आणि लूपमध्ये पहिलीला कॉल करते. बघताना सगळं बरोबर. पण स्टॉकपाशी एरर आली की ऑर्डर तशीच डेटाबेसमध्ये राहते, रोलबॅक होतच नाही. कारण ते ॲनोटेशन चालतं प्रॉक्सीमुळे, म्हणजे स्प्रिंगने क्लासच्या पुढे उभ्या केलेल्या मध्यस्थामुळे, बाहेरून कॉल आला तरच मध्ये प्रॉक्सी येतो, क्लासच्या आतून आतच कॉल केला की प्रॉक्सी बाजूलाच राहतो आणि ट्रान्झॅक्शन सुरूच होत नाही. कंपायलर गप्प, लॉग गप्प. हा सापळा प्रत्येक स्प्रिंगवाल्याच्या वाट्याला एकदा येतोच, इंटरव्ह्यूमध्येही म्हणूनच विचारतात. एंटिटी फ्रेमवर्कमध्ये दोन्ही बदल करून एकदाच सेव्हचेंजेस म्हटलं की ते आपोआप एका ट्रान्झॅक्शनमध्ये जातं, त्याहून मोठं काही हवं असेल तर बिगिन आणि कमिट आपल्या हाताने लिहायचं. डोळ्याला दिसतं तेच होतं, मला हे जास्त पटतं.

भाषा म्हणून सी शार्प पुढेच आहे. जावात अजून निम्म्या टीम गेटर सेटरचा तोच तोच कोड टाळायला लॉम्बॉक लायब्ररी लावून बसल्यात, त्यावर जावाचे स्वतःचे रेकॉर्ड्स आले पण हायबरनेटच्या एंटिटीला ते चालत नाहीत. एका बाबतीत मात्र जावाने उशिरा येऊन बाजी मारली, ती म्हणजे व्हर्च्युअल थ्रेड्स, एकाच वेळी खूप कामं चालवायला हलके थ्रेड, जावा २१ पासून. सी शार्पमध्ये वाट बघताना थ्रेड न अडवायची जी असिंक अवेट पद्धत आहे ती रोगाच्या साथीसारखी पसरते, खालची एक मेथड असिंक केली की तिला बोलावणारी करा, मग तिच्या वरची, असं करत कंट्रोलरपर्यंत सगळं रंगवून काढावं लागतं, आणि जुन्या एएसपी डॉट नेटमध्ये मधेच कोणी शहाण्याने उत्तराची वाट बघायला डॉट रिझल्ट लिहिलं तर रिक्वेस्ट लटकलीच म्हणून समजा. जावात साधा सरळ ब्लॉकिंग कोड लिहायचा आणि खाली व्हर्च्युअल थ्रेड टाकायचा, बस. २१ मध्ये सिंक्रोनाइझ्ड ब्लॉकपाशी थ्रेड अडकायचा, ते २४ मध्ये सुधारलं. स्पीडवर मी बोलणारच नाही, दोन्ही भरपूर फास्ट आहेत आणि तुमची क्वेरी इंडेक्सशिवाय चालत असेल तर दोन्ही सारखेच स्लो आहेत.

इथपर्यंत वाचून वाटेल की मी डॉट नेटला डोक्यावर घेणार. थांबा. आपल्यापैकी किती जण नवीन प्रोजेक्ट करतो? बहुतेकांच्या नशिबी कुणीतरी दहा-पंधरा वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं चालवणं आणि वर आणणं असतं, आणि माझ्या मते एंटरप्राइझ प्लॅटफॉर्मची खरी परीक्षा तिथेच होते, डेमोमध्ये नाही.

जावा ८ आणि स्प्रिंग बूट २ वरून जावा १७ आणि स्प्रिंग बूट ३ वर जायचं काम घ्या. यातलं मोठं दुखणं टेक्निकल नाहीच, ट्रेडमार्कचं आहे. ओरॅकलने २०१० ला सन गिळलं, २०१७ ला जावा ई ई एक्लिप्स फाउंडेशनला देऊन टाकायचं ठरवलं, पण जावाएक्स हे तिथल्या पॅकेजांचं नाव वापरून पुढे बदल करायची परवानगी काही दिली नाही. मग नाव झालं जकार्ता आणि सगळ्या इम्पोर्ट ओळी बदलायच्या. उघडल्या उघडल्या हजारो लाल रेघा, जावाएक्स डॉट पर्सिस्टन्स सापडत नाही, जावाएक्स डॉट सर्व्हलेट सापडत नाही. कुणी उत्साहाने सगळीकडे फाइंड रिप्लेस मारलं की वेगळाच गोंधळ, कारण जावाएक्स डॉट एसक्यूएल आणि जावाएक्स डॉट क्रिप्टो हे जेडीकेचेच आहेत, ते बदलायचे नसतात. वर सिक्युरिटीचा जुना कॉन्फिग क्लासच काढून टाकलेला, तो हाताने लिहा. कटकट आहे, पण कटकटच आहे, ओपनरिराइट सारखं टूल बरंचसं करून देतं आणि तुमचं बिझनेस लॉजिक जिथे होतं तिथेच राहतं. कोड तोच, पाटी नवीन.

आता डॉट नेट फ्रेमवर्कवरचं, म्हणजे जुन्या डॉट नेटवरचं, वेबफॉर्म्सचं ॲप्लिकेशन घ्या, बटणं ओढून वेब पानं बांधायची ती पद्धत. शेकड्याने एएसपीएक्स पानं, प्रत्येक पानाच्या मागे पेज लोड, त्यात पान पहिल्यांदा उघडलंय की बटण दाबून परत आलंय (पोस्टबॅक) ती इफ कंडिशन, ग्रिडव्ह्यू, आणि पानाच्या पोटात त्याची अवस्था साठवणाऱ्या व्ह्यूस्टेटचा तो लांबलचक हिडन फील्ड, नेट स्लो असेल तर सेव्ह दाबून माणूस वाट बघत बसतो. हे नवीन डॉट नेटमध्ये न्यायचा रस्ता काय? रस्ताच नाही. वेबफॉर्म्स नवीन डॉट नेटमध्ये आणलंच नाही. रेझर पेजेस किंवा ब्लेझर घ्या आणि नव्याने लिहा. आणि ज्या सोयीचं २००२ ला एवढं कौतुक झालं, बटणावर डबल क्लिक करा आणि कोड लिहा, तीच इथे अंगाशी येते, कारण लोकांनी खरोखर तिथेच लिहिलं, सेव्ह बटणाच्या क्लिकमध्ये टॅक्सचं गणितही आहे, एसक्यूएलही आहे आणि लेबलचा रंगही तिथेच बदलतोय. आता यातून लॉजिक वेगळं काढणार कसं? जावावाल्यांना ज्या लेयरांवरून हसले, डेटाबेससाठी डीएओ काय, लॉजिकसाठी सर्व्हिस काय, ते लेयर आज कामी येतात. एमव्हीसीमध्ये, म्हणजे पान आणि लॉजिक वेगळं ठेवून, लिहिलेलं असेल तर निभावतं, डब्ल्यूसीएफच्या वेब सर्व्हिसेससाठी कोअरडब्ल्यूसीएफ आहे, पण ब्राउझरच्या प्लगइनवर चालणाऱ्या सिल्व्हरलाइटवाल्यांचा २०२१ ला कायमचाच निकाल लागला.

तर मुद्दा असा की डॉट नेटचा मालक एक आहे, म्हणून सगळं नीटनेटकं आहे आणि म्हणूनच तो म्हणाला हे बंद तर बंद. जावाला दहा मालक, सगळा भोंगळ कारभार, पण एकाने हात काढला तर दुसरा धरतो. एक मात्र कबूल, एकदा नवीन डॉट नेटवर आलात की पुढची अपग्रेड लोण्यासारखी, ६ वरून ८ वर बहुतेक वेळा प्रोजेक्ट फाइलमधला आकडा बदलायचा. फक्त एलटीएसला, म्हणजे जास्त काळ सांभाळायच्या व्हर्जनला, सपोर्ट तीनच वर्षं असतो, जावा ८ चे पॅच अजून निघतायत.

पैशाचं थोडक्यात. डॉट नेट फुकट, एमआयटी लायसन्स. जावाही फुकट, फक्त डाउनलोड कुठून करताय ते बघा, कारण ओरॅकलने २०२३ पासून जावाचं सबस्क्रिप्शन कंपनीतल्या एकूण माणसांवर लावलंय, म्हणजे एचआर आणि अकाउंट्सवालेही मोजायचे. टेमुरिन टाका, मोकळे व्हा. डॉट नेटकडे वेगळंच, ऑटोमॅपर आणि मीडिएटर या ज्यांच्यात्यांच्या प्रोजेक्टमध्ये असणाऱ्या लायब्रऱ्या २०२५ ला कमर्शियल झाल्या. लॉग फोर जे या लायब्ररीत सिक्युरिटीचं मोठं भोक सापडलं तो २०२१ चा डिसेंबर जावावाले विसरणार नाहीत म्हणा, त्यामुळे सुखी कोणीच नाही.

नोकरीचं म्हणाल तर पुण्यात क्लासच्या पाट्यांवर जावा फुल स्टॅकच जास्त दिसतं आणि बँकिंगचं काम हवं असेल तर जावाच घ्या. सीडॅक या सरकारी संस्थेच्या डॅक कोर्समध्ये दोन्ही शिकवतात, तो मधला मार्ग चांगला आहे. प्रॉडक्ट स्वतः बनवताय, टीम चार-पाच जणांची आहे, तर मी डोळे मिटून डॉट नेट म्हणेन. वीस वर्षं चालायला हवं आणि लिहिणारी माणसं तोवर टिकणार नाहीत हे माहितीये, तर जावा.

माझे पाचपैकी मार्क डॉट नेटला नवीन कामासाठी साडेचार, जुन्यासाठी दोन. जावाला दोन्हीकडे साडेतीन. आणि जुन्या डॉट नेटचं मायग्रेशन एस्टिमेट कोणी मागितलं तर आकडा सांगायच्या आधी दोन गोष्टी मागून घ्या, एएसपीएक्स पानांची यादी आणि विकत घेतलेल्या ग्रिड-रिपोर्ट कंट्रोल्सची यादी. दुसरी यादी सहसा कुणाकडे नसते, ती ‘बिन’ नावाचा, तयार लायब्रऱ्या असतात तो फोल्डर उघडून आपणच करायची.