एमओए-एओए (कंपनीचे उद्देश आणि आतले नियम लिहिलेले कागद) करून घेतलं, रामबागेतल्या सीएस (कंपनी सेक्रेटरी) मॅडमकडून, अनुभव खूप चांगला

वहिनी आणि मी मिळून मसाल्यांची प्रायव्हेट लिमिटेड काढली, दोघी डायरेक्टर दोघी शेअरहोल्डर, कमीत कमी २ च लागतात. आधी एका स्वस्त ऑनलाइन सर्व्हिसला पैसे भरले होते, त्यांनी जो एमओए पाठवला त्यात ऑब्जेक्ट क्लॉज (कंपनी काय धंदा करणार ते कलम) सॉफ्टवेअर कंपनीचा, मसाल्याचा शब्दच नाही! तसंच फाइल झालं असतं तर नंतर बदलायला स्पेशल रिझोल्यूशन (शेअरहोल्डरांचा खास ठराव), त्याचा एमजीटी-१४ फॉर्म, सगळंच वाढलं असतं.

मग रामबागेत या मॅडमकडे गेलो. त्यांनी पहिल्यांदा दीड तास नुसतं विचारलं, दळण कुठे करणार, दुसऱ्याचा माल पॅक करून देणार का, पुढे लोणची घालणार का, आणि तसा क्लॉज लिहिला. एओए टेबल एफ (कंपनी कायद्यातला तयार नमुना) वरूनच, पण शेअर बाहेरच्याला विकायचे तर आधी घरच्यांना विचारायचं हे कलम वाचून, मराठीत समजावून मगच आमच्या डिजिटल सह्या घेतल्या. मला हे फार आवडलं, कारण सासूबाईंची पुंजी आहे त्यात.

आपल्या मध्य प्रदेशाचं आरओसी (कंपनी नोंदणीचं सरकारी ऑफिस) ग्वाल्हेरला आहे म्हणून मी घाबरले होते पण जावं लागलंच नाही, सगळं स्पाइस प्लस या ऑनलाइन नोंदणी फॉर्मवर. अधिकृत भांडवल १५ लाखाच्या आत असल्याने नोंदणीची सरकारी फी शून्य, स्टॅम्प ड्युटी वेगळी. एकच तक्रार, फोन उचलत नाहीत, व्हॉट्सअ‍ॅप करा. आणि हो, नोंदणीपासून १८० दिवसांत आयएनसी-२०ए (धंदा सुरू करण्याआधीचं डिक्लरेशन) भरायचंय, ते त्यांनीच आठवणीने लिहून दिलं.