‘नंबर्स मॅचिंग’ म्हणे! मसल कारच्या ऑनलाइन जाहिरातीत फसवतात ते असं

मसल कारची, म्हणजे साठ-सत्तरच्या दशकातल्या दणकट इंजिनाच्या अमेरिकी गाडीची, जाहिरात साधारण अशी असते: ‘१९७० शेव्हरोले शेव्हेल एसएस ३९६, नंबर्स मॅचिंग, फक्त ४३,००० मैल, फ्रेम-ऑफ रिस्टोरेशन.’ खाली चाळीसेक चकचकीत फोटो. न्यू जर्सीत बसून ॲरिझोनातली गाडी फोटोंवर पसंत करायची आणि ‘आणखी दोघे मागे लागलेत’ ऐकून त्याच रात्री टोकन पाठवायचं, इथेच घोळ होतो. ट्रेलरवरून उतरते ती मालिबू, शेव्हेलचीच साधी आवृत्ती. बिल्ले एसएसचे (सुपर स्पोर्ट, दणकट इंजिनाची आवृत्ती), इंजिन तिसऱ्याच गाडीतलं. भांडायला गेलं तर जाहिरातीतलं बहुतेक प्रत्येक वाक्य विकणाऱ्याला कसंबसं निभावून नेता येतं, कारण ती तशीच बेतलेली असते.

शेव्हेलचंच उदाहरण घेऊ, कारण सोंगं हिचीच फार. १९६६ ते १९६८ पर्यंत एसएस ३९६ हे वेगळं मॉडेल होतं आणि गाडीचा व्हीआयएन (कारखान्यानं दिलेला ओळख क्रमांक) १३८ नं सुरू व्हायचा. १९६९ पासून एसएस हे नुसतं ऑप्शन पॅकेज झालं. त्यामुळे १९७० ची खरी एसएस कूपे आणि शेजारच्या काकूंची व्ही-८ मालिबू कूपे, दोघींचा व्हीआयएन १३६३७० नंच सुरू होतो. म्हणजे ‘व्हीआयएन बघा, अस्सल आहे’ या म्हणण्याला १९७० च्या गाडीत काही अर्थ नाही. एक मात्र कळतं: सुरुवात १३५ नं असेल तर ती कारखान्यातून सहा सिलिंडरची निघालेली आहे, एसएस असणंच शक्य नाही. टायटलच्या (मालकीच्या) कागदावरही एसएसचा उल्लेख नसतो. अमेरिकेत विकलेल्या शेव्हरोलेंची गाडीवार नोंद फोर्ड किंवा पॉन्टियाकसारखी मिळत नाही. कॅनडात विकलेली असेल तर जीएम कॅनडाकडून कागद मिळतात. एरवी पुरावा म्हणजे बिल्ड शीट (गाडी जोडतानाची कारखान्यातली यादी, बहुधा पेट्रोलच्या टाकीवर चिकटलेलं सापडतं), वॉरंटीची प्रोटेक्ट-ओ-प्लेट, मूळ विंडो स्टिकर. पण हे कागद नवे छापून विकणारेही आहेत. कोराकरकरीत कागद दिसला की आनंद नको, शंका घ्या.

आता ‘नंबर्स मॅचिंग’, म्हणजे इंजिन त्याच गाडीबरोबर कारखान्यातून निघालंय हा दावा. अनेक जण हे शब्द फक्त ब्लॉकचा कास्टिंग नंबर (ओतकामातच उमटलेला) त्या काळचा आहे एवढ्यावर वापरतात. कास्टिंग नंबर हजारो ब्लॉकवर एकच असतो, त्यानं काही सिद्ध होत नाही. बघायचा तो ठोकलेला नंबर. इंजिनाच्या पुढच्या टोकाला, उजव्या सिलिंडर हेडच्या लगेच खाली, एक सपाट पट्टी असते. तिथे दोन गोष्टी हव्यात. एक, इंजिन जोडल्याचा शिक्का: कारखान्याचं अक्षर, महिना, दिवस आणि शेवटी इंजिनाचा कोड. बिग ब्लॉक (३९६ सारखी मोठी इंजिनं) टोनावांडाच्या कारखान्यात बनत, म्हणून सुरुवात टी नं. व्ही असेल तर ते फ्लिंटच्या कारखान्यातलं स्मॉल ब्लॉक, म्हणजे लहान इंजिन. दोन, गाडीच्या व्हीआयएनचा तुकडा, उदाहरणार्थ १०बी आणि पुढे सहा आकडे. हे सहा आकडे डॅशबोर्डवरच्या पट्टीशी तंतोतंत जुळले पाहिजेत. फायरवॉलवरच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावरच्या) टॅगवर बॉडीचा महिना आणि आठवडा असतो, ०३बी म्हणजे मार्चचा दुसरा आठवडा. इंजिनाची तारीख त्याच्या महिनाभर पुढची असेल तर ते इंजिन त्या गाडीबरोबर जन्मलेलं नाही.

नंबर पुन्हा ठोकून देणारेही आहेत. कारखान्यात ही पट्टी ब्रोच या अवजारानं तासलेली असते, त्यामुळे पुढून मागे जाणाऱ्या बारीक समांतर रेघा दिसतात. पट्टी आरशासारखी गुळगुळीत असेल, किंवा ग्राइंडरच्या गोल खुणा असतील, तर जुने आकडे घासून नवे ठोकलेत असं समजा. फोटो मागताना सांगा: सॉल्व्हंटच्या फडक्यानं पुसा, वायर ब्रश लावू नका, आणि तिरक्या उजेडात जवळून काढा. तीन वेळा मागूनही हा एक फोटो येत नसेल तर उरलेले चाळीस बघायची गरज नाही.

काही गोष्टी जाहिरातीतल्या फोटोतच मोजता येतात. शेव्हीच्या स्मॉल ब्लॉकच्या व्हॉल्व्ह कव्हरला प्रत्येकी चार बोल्ट, बिग ब्लॉकला सात. ‘३९६’चा बिल्ला आणि कव्हरला चार बोल्ट, असले फोटो लोक खुशाल टाकतात. (१९७० च्या ‘३९६’ ची खरी क्षमता ४०२ घन इंच होती, ४०२ लिहिलंय म्हणून खोटं ठरवू नका.) गाडीखालचा फोटो मिळाला तर १२ बोल्टचं डिफरन्शियल, मागचा स्वे बार, पेटीसारखे बंद केलेले खालचे कंट्रोल आर्म आणि ३/८ इंची पेट्रोल लाइन बघा. हे नसलं तर संशय पक्का. असलं तरी गाडी अस्सल ठरत नाही, हे सगळं सुटं विकत मिळतं.

फोर्डचं काम सोपं. व्हीआयएनचं पाचवं अक्षर इंजिनाचं असतं; १९६९ च्या मस्टँगमध्ये ४२८ कोब्रा जेट म्हणत असतील तर तिथे क्यू किंवा आर हवा. शिवाय १९६७ पासूनच्या गाड्यांचा मार्टी रिपोर्ट (फोर्डच्या उत्पादन नोंदींवरून बनवलेला) मिळतो. पॉन्टियाकसाठी पीएचएसकडून (पॉन्टियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेस) मूळ इन्व्हॉइसची नक्कल मागवा. १९७० च्या डॉज-प्लिमथमध्येही पाचवंच अक्षर: आर म्हणजे हेमी हे तगडं इंजिन, जी म्हणजे साधं ३१८. हे पैसे टोकनच्या आधी खर्च करायचे, नंतर नव्हे.

‘४३,००० ओरिजिनल मैल’ हे वाक्य तर फुकटचं आहे. त्या काळचे मीटर पाच आकडी, ९९,९९९ नंतर पुन्हा शून्य. कागदावर ‘एक्झेम्प्ट’ लिहिलेलं असतं, म्हणजे मैलांची हमी कुणीच देत नाही. १७ अंकी व्हीआयएन १९८१ पासूनचे, त्यामुळे नेहमीच्या हिस्टरी रिपोर्टमध्येही या गाड्या सापडत नाहीत. आणि मस्टँगला ‘फ्रेम-ऑफ रिस्टोरेशन’ (बॉडी फ्रेमवरून उतरवून केलेली दुरुस्ती) म्हणणाऱ्याचा फोन तिथेच ठेवावा. तिला वेगळी फ्रेमच नसते. शेव्हेलला असते.

गंज मात्र फोटोत दिसत नाही. शेव्हेलची मागच्या काचेची चौकट सडते, पाणी डिकीत उतरतं आणि डिकीचा तळ व चाकामागचा पत्रा खातं. व्हिनाइलचं छत असेल तर आणखी वाईट. वरून लांबी (पुट्टी) भरून रंग मारला की झालं. रंगाची जाडी मोजणारं यंत्र घेऊन माणूस पाठवा: मूळ रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन, दुसऱ्यांदा मारलेला २००-३००, ५०० च्या वर गेला की खाली लांबी धरून चाला. तळाला ताजा काळा अंडरकोट फासलेला असेल तर स्क्रू ड्रायव्हरनं टोचून बघायला सांगा. हा तपासनीस विकणाऱ्यानं सुचवलेला नको.

शेवटचा प्रकार म्हणजे गाडीच नसते. खऱ्या डीलरचे फोटो आणि व्हीआयएन उचलून दुसरी वेबसाइट उभी करतात, भाव बाजारापेक्षा बराच खाली, मालक परदेशी, आणि पैसे ‘एस्क्रो’कडे (सौदा पुरा होईपर्यंत पैसे सांभाळणारी तिऱ्हाईत कंपनी) बँक वायरनं पाठवा म्हणतात, ती एस्क्रोही त्यांचीच. फोटो इमेज सर्चमध्ये टाका. व्हिडिओ कॉलवर बॉनेट उघडून, आजची तारीख लिहिलेला कागद व्हीआयएनच्या पट्टीशेजारी धरायला सांगा. एस्क्रो कंपनी आपण निवडायची. वायर गेलीच असेल तर विकणाऱ्याशी वाद घालत बसू नका. त्याच दिवशी आपल्या बँकेच्या फ्रॉड विभागाला फोन करून वायर परत बोलवायला सांगा आणि लगेच एफबीआयच्या इंटरनेट क्राइम कम्प्लेंट सेंटरवर तक्रार नोंदवा; पैसे पुढच्या खात्यात सरकले की हाती लागणं फार कठीण.