आधी प्लग काढायचा की स्कॅनर लावायचा?

सिग्नलला उभी गाडी थरथरतेय, आरपीएमचा काटा वरखाली नाचतोय. अशा वेळी जुने मेकॅनिक आधी स्पार्क प्लग काढतात. कार्ब्युरेटरच्या गाडीला मीही तेच करेन. टोक फिक्या कॉफीच्या रंगाचं असेल तर मिश्रण ठीक. पांढरंफटक असेल तर पेट्रोल कमी पडतंय, बोटाला कोरडी काजळी लागली तर जास्त जातंय.

इंजेक्शनच्या गाडीला मात्र आधी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं यंत्र. १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल हे वजनी प्रमाण ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरच्या मदतीने स्वतःच सांभाळत असतो, त्यामुळे बिघाड प्लगवर उमटायला वेळ लागतो. फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय तो आकडा, लगेच बोलतो. आयडलला (रेस न देता) शॉर्ट (त्या क्षणाचा) आणि लाँग (साठवून ठेवलेला) ट्रिमची बेरीज +२० टक्के, पण २५०० आरपीएमला शून्याजवळ? मग कुठून तरी चोरटी हवा शिरतेय. व्हॅक्यूमचा तडकलेला पाइप, इनटेक मॅनिफोल्डचं (हवा आत नेणाऱ्या नळ्यांचं) गॅस्केट बघा. उलट रेस वाढवताच आकडा चढत गेला, तर पेट्रोलचा दाब मोजा.

पण स्कॅनर फसतोही. एक सिलिंडर मिस मारत असेल, म्हणजे त्यात मिश्रण पेटत नसेल, तर न जळलेला ऑक्सिजन सेन्सरपर्यंत पोचतो आणि ईसीयूला पेट्रोलच कमी वाटतं. शिवाय साध्या चार सिलिंडरच्या इंजिनात ट्रिम चौघांचा मिळून एकच. तिथे चारही प्लग क्रमाने फडक्यावर मांडावेत. तीन तांबूस आणि एक काळाकुट्ट निघाला, की कुठल्या सिलिंडरचा इंजेक्टर आणि कॉइल तपासायची ते कळतं.