नखुरडं: घरी शेकावं की दवाखाना गाठावा?

पावसाळ्यात ठाणे स्टेशनबाहेरच्या पाण्यातून चालत जायचं आणि तेच ओले बूट संध्याकाळपर्यंत पायात. मग नखाची कड ठणकू लागते आणि घरातून सल्ला येतो, ‘लिंबात बोट खुपस’. लिंबाने फार तर झोंबेल. आधी बघा, दुखणं किती दिवसांचं आहे.

दोन-तीन दिवसांतच बोट लाल होऊन सुजलं असेल, रात्री झोपू देत नसेल, तर बहुधा जिवाणूंचा संसर्ग. नखं कुरतडणं, कडेचं सालपट ओढणं, पार्लरमध्ये क्युटिकल (नखाच्या मुळाशी चिकटलेली पातळ कातडी) कापून घेणं, एवढी वाट त्यांना पुरते. पू नसेल तर कोमट पाण्यात १५ मिनिटं, दिवसातून ३-४ वेळा शेका आणि बोट कोरडं करा. पिवळट फुगवटा दिसला की शेकत बसू नका. डॉक्टर बारीक चीर देतात, पू निघाला की ठणका लगेच उतरतो. याला मोठं हॉस्पिटल लागत नाही. फॅमिली डॉक्टरकडे होत नसेल तर कळव्याच्या किंवा वाशीच्या पालिका रुग्णालयाची ओपीडी आहेच. घरी सुईने टोचू नका. पाण्यासारख्या बारीक फोडांचा पुंजका असेल तर तो नागिणीच्या कुळातला विषाणू असू शकतो. तिथे चीर देत नाहीत.

सहा आठवडे उलटूनही कड जाडसर, क्युटिकल नाहीसं, नखावर आडव्या खाचा? हे भांडी घासणाऱ्यांचं, मासळी विकणाऱ्यांचं दुखणं. बुरशी सापडते, पण मूळ कारण सततचं पाणी आणि साबण. अँटिबायोटिकचा इथे फारसा उपयोग नाही. सुती हातमोज्यांवर रबरी मोजे घाला. डॉक्टर बहुधा स्टेरॉइड मलम देतात. मात्र मेडिकलवाल्याने मनाने दिलेली ‘मिक्स’ ट्यूब (स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध एकत्र असलेली) नको.

पायाचं नख पिवळं, जाड, भुसभुशीत पण न दुखणारं असेल तर घाई नाही. सोरायसिसही असाच दिसतो, म्हणून आधी नखाचा नमुना तपासा. बुरशी निघाली तर टर्बिनाफिनच्या गोळ्या साधारण १२ आठवडे. नवं नख पूर्ण यायला वर्ष-दीड वर्ष.

मधुमेह असेल, ताप आला असेल किंवा लाली वर चढत असेल, तर मात्र शेकण्यात एक दिवसही घालवू नका.